आठवी ‘ब’चं हृदय

जिल्ह्याहून आलेलं पत्र दीड पानाचं होतं आणि त्यात ‘कृत्रिम बुद्धिमत्ता’ हे शब्द अकरा वेळा आले होते. चुडामण बोरसे सरांनी ते मोजले. मुख्याध्यापक महाजन सर पत्र मोठ्याने वाचत होते, आणि वाचताना एकट्या बोरसे सरांकडेच बघत होते, तेव्हा मनाला काहीतरी काम हवंच होतं. मतलब एवढाच, की प्रत्येक माध्यमिक शाळेने जीवशास्त्राचा एक पाठ या बुद्धिमत्तेच्या मदतीने शिकवायचा, त्याचा व्हिडिओ पोर्टलवर चढवायचा आणि नंतर चाचणी घेऊन निकाल कळवायचा.

महाजन सरांनी पत्राची घडी घातली आणि गोड आवाजात सांगितलं की समाधान सर तरुण आहेत, त्यांना हे सगळं येतं. पण जीवशास्त्र बोरसे सरांचं, तेव्हा पहिला मान त्यांचाच. आठवी ‘ब’च्या एक्केचाळीस पोरांपैकी पस्तिसांना चाचणीत पाठ जमला, तर प्रश्नच नाही. नाही जमला, तर जूनपासून विज्ञानाचे सगळे तास समाधान सरांकडे आणि बोरसे सरांकडे कार्यानुभव व खिचडीची देखरेख.

खिचडीला नावं ठेवू नयेत. अन्न ते पूर्णब्रह्म, हे सरांना कोणी सांगायची गरज नव्हती. पण ज्या माणसाने अठ्ठावीस वर्षं लाल-निळ्या खडूने फळ्यावर हृदय काढलं, त्याने उरलेली तीन वर्षं मुगाची डाळ शिजली का हे बोटाने दाबून बघावं, हे त्या माणसाच्या स्वतःच्या हृदयाला झेपणारं नव्हतं.

सर पाचोऱ्यात राहत आणि अकरा किलोमीटरवरच्या पिंपळखेड्याच्या शाळेत स्कूटरने जात. त्यांना दोनच नाद. एक जीवशास्त्र, दुसरा कीर्तन. पंचक्रोशीत कुठेही मंडप उभा राहिला की सरांची स्कूटर त्या मंडपाच्या बाहेर लागलेली असायची. सर पेटीवाल्याच्या जवळची जागा धरत. पहिल्या चरणाला त्यांची मान डोलू लागे, दुसऱ्याला डोळे पाणावत, आणि शेवटच्या चरणात संतांचं नाव आलं की दोन्ही हात आपोआप जोडले जाऊन कपाळाला लागत नि डोळे मिटत. ही सवय त्यांच्या अंगात इतकी मुरली होती, की एकदा दाताच्या डॉक्टरकडे रेडिओवर अभंग लागला तेव्हा तोंडात यंत्र असतानाही त्यांचे हात वर गेले होते.

शेजारचे हेमराजभाऊ एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले. त्यांनी ओट्यावर बसून सल्ला दिला की या मशीनशी अदबीने बोलावं, कारण ते सगळं लक्षात ठेवतं म्हणतात. उद्या त्याचं राज्य आलं तर आपली सीट राखीव असलेली बरी. सरांच्या पत्नी मंजुळाबाई म्हणाल्या की राज्य येईल तेव्हा येईल, आधी गिरणीतून दळण आणा. शेवटी मुलीला फोन झाला. पुनम धुळ्याला देवपूरमध्ये खोली घेऊन फार्मसी शिकत होती. तिने फोनवरूनच तासभर ‘इथे दाबा, नाही, तिथे नाही’ करत मशीन वडिलांच्या मोबाइलमध्ये बसवलं, आणि दोनदा बजावलं, “पप्पा, ते जे सांगेल ते तपासून घ्या. ते कधी कधी ठोकून देतं.”

अठ्ठावीस वर्षं शिकवलेल्या माणसाला हृदय तपासून घ्या म्हणणं सरांना थोडं लागलं. त्यांनी पुस्तकातल्या आकृतीचा फोटो मशीनला दाखवला आणि हेमराजभाऊंच्या सल्ल्याप्रमाणे नम्रपणे लिहिलं: आपण कृपया रक्ताभिसरणाचा पाठ आठवीच्या मुलांसाठी द्यावा. आलेला पाठ बरा होता, पण सरकारी वाटला. इथेच थांबले असते तर पुढचं काही घडलं नसतं. पण मोहाची खरी वेळ पहिलं काम नीट झाल्यावरच येते, असं आमचे एक महाराज निरूपणात सांगत असत. सरांनी हळूच पुढे लिहिलं: हेच कीर्तनाच्या ढंगात सांगता येईल का?

मशीनने क्षणभर विचार केला आणि अभंगच समोर ठेवला.

*हृदयाचे घरी । दालने ती चार ।*
*रक्ताचा व्यापार । चाले नित्य ॥*
*उजवीस शुद्ध । डावीकडे मळ ।*
*फुप्फुसाचे बळ । धुते त्यास ॥*

आणखी दोन कडवी होती आणि शेवटच्या चरणात एका थोर संतांची नाममुद्रा होती. कोणत्या, ते इथे लिहीत नाही. मशीनने केलेलं पाप माणसाने कशाला दुसऱ्यांदा करावं. सरांनी अभंग मोठ्याने, चालीत म्हणून पाहिला. पहिल्या कडव्याला मान डोलली. दुसऱ्याला डोळे भरून आले, की इतक्या जुन्या काळी आमच्या संतांना फुप्फुस ठाऊक होतं. शेवटी नाव आलं. हात कपाळाला गेले आणि डोळे मिटले.

मिटलेल्या डोळ्यांनी माणूस भक्ती करू शकतो, आकृती तपासू शकत नाही. शुद्ध रक्त हृदयाच्या डाव्या बाजूला असतं हे ज्याने अठ्ठावीस वर्षं सांगितलं, त्याच्या पुढ्यात ‘उजवीस शुद्ध’ लिहिलेलं होतं आणि तो गहिवरत होता. पुस्तकात हृदय समोरून काढलेलं असतं, म्हणून त्याची डावी बाजू आपल्या उजव्या हाताला येते. मशीनने बिचाऱ्याने जसं दिसलं तसं लिहिलं होतं.

आठवी ‘ब’ने हा अभंग दोन दिवसांत उचलला. ज्या वर्गात हृदयाची ‘जवनिका’ म्हटल्यावर निम्मी पोरं खिडकीबाहेर बघायची, तो वर्ग बाकांवर ताल धरून रक्ताचा व्यापार गाऊ लागला. समाधान सरांनी व्हिडिओ काढला आणि मोकळ्या मनाने सांगितलं की हे त्यांना सात जन्मात जमलं नसतं. महाजन सर स्वतः मागच्या बाकावर बसून मांडीवर ठेका देऊन गेले.

व्हिडिओ पोर्टलवर चढवणं मात्र बाकी राहिलं. पोर्टलवर विषयांच्या यादीत जीवशास्त्र नव्हतं. ‘विज्ञान’ निवडलं तर ते प्रयोगशाळेतल्या बर्नरची संख्या मागे, ‘इतर’ निवडलं तर थेट क्रीडा विभागात नेई. चार दिवस प्रयत्न करून एकदाचं पान उघडलं, तर खाली लाल अक्षरांत आलं, की चाचणीचा निकाल सोबत जोडल्याशिवाय व्हिडिओ घेतला जाणार नाही.

चाचणी झाली. सरांनी घरी ओट्यावर बसून पेपर तपासायला घेतले. शुद्ध रक्त हृदयाच्या कोणत्या बाजूस असते? पहिल्या पोराने लिहिलं, उजव्या. सरांनी बरोबरची खूण केली. दुसऱ्याने, उजव्या. खूण. तिसरा, चौथा, पाचवा. सरांचा हात झरझर चालला होता आणि ओठांवर चाल होती. विसावा पेपर वृषालीचा होता. वर्गातली सगळ्यात हुशार पोर, गावचे टाळकरी निंबा आबा यांची नात. तिने लिहिलं होतं:

‘पुस्तकाप्रमाणे डाव्या. संतांप्रमाणे उजव्या. पुस्तक हल्लीचे आहे, संत जुने आहेत, म्हणून उजव्या धरावे.’

सरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. मग पुस्तक उघडलं. मग स्वतःच्या छातीवर हात ठेवला, जसं काही ते हृदय तरी खरं सांगेल. एक्केचाळीसपैकी अडतीस पोरांनी उजवी लिहिली होती. उरलेल्या तिघांनी काहीच लिहिलं नव्हतं, म्हणजे चुकले नव्हते ते तेवढे तिघेच.

त्यांनी मशीनला विचारलं की हा अभंग कोणत्या ग्रंथात, कोणत्या क्रमांकाला आहे. मशीनने तत्काळ क्रमांक दिला. सरांनी घरातला अभंगांचा जाडा ग्रंथ काढला; त्या क्रमांकाला दुसराच अभंग होता. मशीनने क्षमा मागून दुसरा क्रमांक दिला. तिथे तिसराच होता. हेमराजभाऊ शेजारी बसून क्रमांक मोठ्याने वाचत होते, जसे गाडीतले सीट नंबर. पाचव्या खेपेला मशीनने फार सभ्यपणे कबूल केलं की या ओळी आपल्या विनंतीनुसार मीच रचल्या आहेत, आणि पचनसंस्थेवर आणखी एक रचून देऊ का, असंही विचारलं.

दुसऱ्या दिवशी सर वर्गात उभे राहिले आणि म्हणाले की उत्तर डावी असं आहे. मग वृषाली उठली.

“सर, मग संत चुकले का?”

आता बघा, पेच कसा होता. संत चुकले असं म्हणायला सरांची जीभ झडली असती. पुस्तक चुकलं म्हणावं तर जीवशास्त्र गेलं. दोन्ही बरोबर धरले तर मधे चूक करायला एकच माणूस शिल्लक राहत होता, आणि त्याच्या हातात खडू होता. सर म्हणाले, उद्या सांगतो. अठ्ठावीस वर्षांत प्रश्नाला ‘उद्या’ म्हणायची ही त्यांची पहिली वेळ.

महाजन सरांनी सगळं ऐकून दार लोटून घेतलं. त्यांचं म्हणणं असं, की अडतीस पोरांनी एकच उत्तर लिहिलंय, पोर्टलला डावं-उजवं कळत नाही, निकाल चढवून मोकळं व्हावं. आणि सरांना फारच टोचत असेल तर चाचणी परत घ्यावी, पण अट तीच. पस्तीस. गावात मात्र बोलू नये. शाळेची अब्रू आहे. पण गावाने तोवर बराच पल्ला गाठला होता. पिंपळखेड्यात सप्ताह चालू होता. पोरांनी अभंग घरी नेला, घरून तो पहाटेच्या काकड्यात गेला, तिथून तरुण मंडळींनी तो मंडपाच्या फ्लेक्सवर घेतला, वर एक लालबुंद हृदय काढून. आणि सप्ताहाच्या शेवटच्या दिवशी काल्याच्या कीर्तनात महाराज हाच अभंग निरूपणाला घेणार, अशी बातमी सरांच्या कानावर आली.

त्या रात्री मंजुळाबाईंनी ताट वाढलं तेव्हा सर म्हणाले की बोललो तर तास जातील. मंजुळाबाईंनी भाकरीवर मिरचीचा ठेचा ठेवला आणि म्हणाल्या, “आणि नाही बोललात, तर उद्यापासून कीर्तनात हात जोडाल तेव्हा मनात काय येईल?”

सर जेवले नाहीत, असं लिहिलं तर शोभून दिसलं असतं. पण ते जेवले. ठेचा फार झणझणीत होता, एवढंच.

काल्याच्या दिवशी सकाळी सात वाजताच सर महाराजांना एकांतात गाठायला निघाले. महाराज चहाला एका घरी होते. तिथे पोचले तर महाराज फराळाला दुसऱ्या घरी गेलेले. तिथे यजमानांनी सरांनाच पाटावर बसवून साबुदाणा वाढला, आणि वाढलेलं टाकून उठणं सरांच्या रक्तात नव्हतं. ते संपेतो महाराज तिसऱ्या घरी पाद्यपूजेला. अशी चार घरं, तीन फराळ आणि दोन चहा झाले. पोट तट्ट फुगलं आणि बोलायचं ते पोटातच राहिलं. सर मंडपात शिरले तेव्हा महाराज गादीवर उभे होते, मागे टाळकऱ्यांच्या दोन रांगा, बाजूला पेटी, पखवाजवाल्याने डाव्या तोंडाला कणीक नुकतीच लावलेली. पहिल्या रांगेत महाजन सर शाल गुंडाळून बसलेले. महाराजांनी डोळे मिटले, वीणा छातीशी धरली आणि सुरुवात केली, “हृदयाचे घरी...”

“महाराज, थांबा.”

आपलाच आवाज आहे हे सरांना जरा उशिरा कळलं. मंडपातली दीड हजार डोकी वळली. कीर्तन मधे थांबवणं म्हणजे काय, हे त्या मंडपात सरांइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं. आणि कोणी दुसऱ्याने थांबवलं असतं तर सर्वांत आधी त्याला खाली बसवायला सरच उठले असते. ते हात जोडून उभे राहिले. सांगितलं की हा अभंग संतांचा नाही. मोबाइलमधल्या मशीनचा आहे. मी मागितला, मी पोरांना शिकवला. त्यात उजवी-डावी उलटी आहे, तीही मी तपासली नाही. चूक संतांची नाही, पुस्तकाची नाही, मशीनचीसुद्धा फारशी नाही. माझी आहे.

मागे आचाऱ्याने कढईत झारा आपटला तो सगळ्या मंडपाला ऐकू आला. महाजन सरांनी शाल डोक्यावरून घेतली.

मग टाळकऱ्यांच्या पहिल्या रांगेतून निंबा आबा पुढे झाले. ऐंशीला टेकलेले, गावातले सर्वांत जुने टाळकरी.

“सर, माले पहिलेच दिन मालूम व्हतं. हाई आपला ग्रंथमा नही शे.”

सरांनी कसंबसं विचारलं, की मग आबा, बोलला का नाहीत?

“मी कसाले बोलू? तुम्ही शिकेल माणूस. माले वाटनं, तुम्हले कोठे तरी सापडनं व्हई.”

म्हणजे सरांनी संतांच्या भरवशावर मान डोलावली, आबांनी सरांच्या भरवशावर टाळ वाजवला, तरुण मंडळींनी आबांच्या टाळावर फ्लेक्स छापला, आणि महाराजांनी फ्लेक्स वाचला. ही साखळी ध्यानात आली तसे महाराज आधी गालात हसले, मग मोठ्याने, आणि मग त्यांनी वीणेकऱ्याच्या हाती वीणा देऊन सरांना गादीजवळ बोलावलं.

“सर, चुकीचं गावभर गेलं. आता बरोबर काय ते याच मंडपातून जाऊ द्या. या, उभे राहा.”

गादीवर पाय ठेवायला सर काही केल्या तयार होईनात. तेव्हा ते गादीच्या कडेला, सतरंजीवर उभे राहिले. फळा नव्हता, खडू नव्हता. समोर होते टाळकरी, पेटी आणि पखवाज. आणि काय झालं कोण जाणे, सरांना त्या सगळ्यात हृदय दिसलं.

त्यांनी सांगितलं, की हृदय महाराजांचं धरा. महाराजांची उजवी ती उजवी. समोरून बघणाऱ्याची नव्हे. टाळकऱ्यांच्या दोन रांगांचे चार गट केले: महाराजांच्या उजवीला दोन, डावीला दोन. ही चार दालनं. पखवाज म्हणजे ठोका. पेटीचा भाता हलतो, हवा आत-बाहेर होते, म्हणून पेटी झाली फुप्फुस. आठवी ‘ब’ म्हणजे रक्त. पोरांच्या कपाळाला काळा बुक्का लावला, ते अशुद्ध. ती उजवीकडून आत शिरली, वरच्या दालनातून खालच्या दालनात, तिथून पेटीपाशी. पेटीवाल्याने भाता मारला, बायकांतून पुढे आलेल्या बेबाबाईंनी बुक्का पुसून गुलाल लावला, ते शुद्ध. मग डावीकडून परत आत, वरून खाली, आणि तिथून मंडपभर.

दोन दालनांच्या मधे आबा उभे होते, टाळ घेऊन, ते झडप. रक्त पुढे जाऊ द्यायचं, मागे येऊ द्यायचं नाही. एक धिप्पाड पोरगं गुलाल लावून घेतल्यावर मागे वळून पेढ्याच्या पातेल्याकडे निघालं, तसे आबांनी त्याच्या नाकासमोर टाळ असे आपटले, की तो झडपेचा धडा त्याने जन्मभर विसरू नये. पखवाजवाल्याला जोर चढला. हृदयाचे ठोके एकशे चाळीसवर गेले. रक्त धावू लागलं. बायकांच्या बाजूने कोणी तरी विचारलं की मग माणूस घाबरला की असंच होतं का, आणि सर म्हणाले हो, अगदी असंच, आत्ता माझं तेच चाललंय.

महाराजांनी शेवटी एवढंच म्हटलं, की उजवीचा बुक्का आणि डावीचा गुलाल लक्षात ठेवा, आणि विठ्ठलाचा गजर केला. नंतर त्यांनी खरा अभंग घेतला. सर नेहमीच्या जागी, पेटीजवळ बसले. शेवटचा चरण आला तेव्हा हात कपाळाला गेले, पण डोळे या वेळी थोडे उघडे राहिले.

चाचणी परत झाली. महाजन सर स्वतः खुर्ची टाकून वर्गात बसले आणि पेपर त्यांनीच समाधान सरांकडून तपासून घेतले. एक्केचाळीसपैकी अडतीस बरोबर. तिघे चुकले, ते काल्याच्या वेळी पंगतीची पानं मांडायला गेले होते. वृषालीने उत्तरात फक्त ‘डाव्या’ लिहिलं होतं आणि पुढे काही नाही. निकाल पोर्टलवर चढवायला घेतला, तर मुदत संपल्याची सूचना आली. बर्नरची संख्या मात्र अजूनही मागत होतं. महाजन सरांनी संगणक बंद केला आणि जूनचं वेळापत्रक काढलं. विज्ञान, आठवी ते दहावी: बोरसे. खिचडी त्यांनी स्वतःकडे घेतली.

आठ दिवसांनी मधल्या सुट्टीत निंबा आबा शाळेत आले. मागे चार टाळकरी, खांद्याला पिशव्या, पखवाजवालासुद्धा होता. सगळे व्हरांड्यात ओळीने उभे राहिले. आबांनी पिशवीतून टाळ काढले आणि विचारलं, की आता दहावीच्या पोरांना कोणतं प्रकरण आहे. मंडळी तयार आहे, सर सांगतील तिथे उभी राहील.

सर म्हणाले, जीवनप्रक्रिया, भाग दोन.

“त्यामा काय शे?”

सरांना तोंडाने सांगवेना. त्यांनी पुस्तक उघडून आबांच्या हाती दिलं. आबांनी चष्मा लावला, मथळा वाचला: ‘मानवी प्रजनन’. पान उलटलं, आकृती पाहिली. आणखी एक पान उलटलं. मागचे टाळकरी माना उंचावून बघत होते, त्यांना आबांनी हातानेच मागे सारलं. मग त्यांनी पुस्तक मिटून दोन्ही हातांनी सरांना परत दिलं आणि टाळ एकेक करून, आवाज न करता, पिशवीत ठेवले.

“सर,” आबा हळूच म्हणाले, “हाई ते मशीनलेच सांगू द्या.”